या चुका टाळा: पॅरटफिशचा मायटोकॉन्ड्रियल जीनोम

सगळ्यात महाग चूक सिक्वेन्सरवर (डीएनए वाचणाऱ्या मशीनवर) होत नाही, जेटीवर होते. काही वर्षांपूर्वी आमच्या लॅबमध्ये लक्षद्वीपहून पॅरटफिशचे नमुने आले. पराचा नखाएवढा तुकडा आणि ट्यूबवर मार्करने लिहिलेलं जातीचं नाव, बस्स. फोटो नाही, आणि मासा त्याच संध्याकाळी रांधला गेलेला. दोन महिने खपून साडेसोळा हजार बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) आसपासचा, पेशीतल्या ऊर्जाकेंद्राचा म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा अख्खा जीनोम जोडला. ज्यावरून जात ओळखतात तो सीओआय जीन ताडून पाहिला, तर तो डेटाबेसमधल्या दुसऱ्याच जातीशी जुळला. ट्यूबवरचं नाव चुकलं की डेटाबेसमधलं? ठरवायला मासाच नव्हता. पॅरटफिश वाढताना रंग बदलतात, पुष्कळ जातींत मादीचा नरही होतो, आणि मळकट तपकिरी अवस्थेत दोन जाती शेजारी ठेवल्या तरी पटकन ओळखू येत नाहीत. ते काम सोडून द्यावं लागलं. मला अजून त्याचा त्रास होतो.

तेव्हापासून माझा नेम ठरलेला आहे. मासा ताजा असतानाच पट्टी ठेवून डाव्या बाजूचा फोटो, मग उजव्या पराचा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये, आणि त्यानंतरच मासा फॉर्मॅलिनमध्ये, त्याच नंबरने. आधी फॉर्मॅलिन केलंत तर डीएनए खराब झालाच म्हणून समजा. दहा मिनिटांचं काम आहे. ज्याला तेवढाही धीर नाही, त्याचे नमुने मी सिक्वेन्सिंगच्या रनला लावत नाही.

दुसरी चूक म्हणजे दुसऱ्या माशाचं अ‍ॅनोटेशन (कुठला जीन कुठे आहे याच्या खुणा) जसंच्या तसं उतरवणं. बहुतेक माशांत आयसोल्युसिन, ग्लुटामिन, मेथिओनिन असा तीन टीआरएनएंचा (अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या छोट्या आरएनएंच्या जीनांचा) क्रम असतो. पॅरटफिशमध्ये मेथिओनिन ग्लुटामिनच्या आधी येतो, आणि एनडी२ या शेजारच्या जीनच्या तोंडाशी मेथिओनिनच्या टीआरएनएचा निकामी अवशेष सापडतो. हा क्रम चुकीचा समजून 'दुरुस्त' करणारे मी पाहिलेत. अरे, आधी रीड्स (मशीनने वाचलेले डीएनएचे तुकडे) परत जीनोमवर मॅप करा आणि सांध्यावरून सलग रीड्स जाताहेत का ते डोळ्यांनी बघा.

जीनोम गोल आहे, म्हणून असेंब्लीच्या (रीड्स जोडून बनलेल्या सिक्वेन्सच्या) दोन्ही टोकांना आलेला तोच तुकडा एका टोकाकडून कापा. कंट्रोल रीजनमध्ये (जीन नसलेल्या नियंत्रक भागात) कव्हरेज, म्हणजे एका जागेवर येणाऱ्या रीड्सची संख्या, अचानक दुप्पट झालं, तर पुनरावृत्ती दबून एकच दिसत असण्याची शंका घ्या आणि तेवढा भाग पीसीआर करून (त्याच्या प्रती वाढवून) सँगर पद्धतीने वाचा. कोडॉन टेबल २ (पृष्ठवंशींच्या मायटोकॉन्ड्रियासाठीचा, तीन-तीन अक्षरांचा अर्थ सांगणारा तक्ता) लावा, नाहीतर प्रत्येक टीजीए हा स्टॉप, म्हणजे जीन संपल्याची खूण, दिसेल. सीओआय जीटीजीने सुरू होतो, त्याचा नेहमीचा एटीजी करू नका. जीनच्या शेवटी स्टॉपचा नुसता टी उरला, तरी सिक्वेन्समध्ये हाताने ए घालू नका. ते ए आरएनए तयार झाल्यावर जोडले जातात.