कार्बोरेटर घरी, सायलेन्सर गॅरेजात

पावसाळाभर मालवणच्या घरी पडवीत उभी राहिलेली माझी 100 सीसीची मोटरसायकल चोकवरच (इंजिनाला पेट्रोल जास्त मिळावं म्हणून असलेली कळ) चाले. चोक बंद केला की गाडीही बंद. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर घरीच उतरवला. त्याच्या फ्लोटच्या वाटीत (पेट्रोल साठतं ती) पेट्रोलच्या तळाशी पाण्याचे मणी आणि पांढरट गाळ! पायलट जेटचं (मंद गतीला पेट्रोल सोडणारी पितळी नळी) भोक केसाएवढं. त्यात तार मुळीच घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. क्लीनर मारून हवा दिली, आरपार उजेड दिसला तेव्हा जिवात जीव आला.

सायलेन्सरला मात्र हात लावला नाही. इंजिनाच्या हेडजवळचं, जोड घट्ट ठेवणारं गॅस्केट गेलेलं, पण खाऱ्या हवेने नट स्टडला (इंजिनात बसवलेला आट्यांचा दांडा) गंजून एकजीव झालेले. स्टड आत तुटला तर ड्रिल लागतं, वेल्डिंग लागतं. गॅरेजातल्या मेस्त्रीकाकांनी नट तापवून अलगद सोडवले.