राज्य बदलताय? आधी स्पीच थेरपीच्या लायसन्सचं बघा

घरातल्या कुणाची नोकरी बदलली, डॅलसहून सॅन होजेला जायचं ठरलं, की आपल्या स्पीच थेरपीवाल्यांचा पहिला प्रश्न असतो: माझं लायसन्स तिकडे चालेल का? नाही चालणार. टेक्सासचं लायसन्स टेक्सासपुरतं, कॅलिफोर्नियाचं कॅलिफोर्नियापुरतं. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनचं, म्हणजे आपण जिला ‘आशा’ म्हणतो तिचं सीसीसी, म्हणजे व्यावसायिक पात्रतेचं प्रमाणपत्र, देशभर तुमच्यासोबत येतं, पण पेशंट बघायची कायदेशीर परवानगी राज्याचं बोर्डच देतं. नवं राज्य म्हणजे नवा अर्ज आणि नवी फी. तरीही सीसीसी चालू असेल तर अर्धं ओझं उतरतं, कारण शिक्षण, प्रॅक्सिस ही देशपातळीवरची परीक्षा आणि क्लिनिकल फेलोशिप, म्हणजे मास्टर्सनंतर मेंटॉरच्या देखरेखीखाली केलेलं काम, या तिन्हींचा पुरावा म्हणून बरीच बोर्डं तेच धरतात. म्हणून मूल लहान आहे, सध्या घरीच आहे म्हणून आशाची वार्षिक फी आणि तीन वर्षांतले 30 तासांचे कोर्स सोडू नका.

फेलोशिप अर्धवट असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: जमत असेल तर ती पुरी करूनच हला. किमान 36 आठवडे आणि 1260 तास भरायचे असतात. मध्येच राज्य बदललं तर नव्या राज्याचं तात्पुरतं लायसन्स आणि नवा मेंटॉर, दोन्ही शोधण्यात महिने जातात.

कागद तुमच्या हातून चालत नाहीत, ही गोष्ट भारतातून आलेल्यांना लवकर पचत नाही. आपल्याला अटेस्टेड झेरॉक्स जोडायची सवय. इथे जुन्या बोर्डाने नव्या बोर्डाला परस्पर कळवावं लागतं की या व्यक्तीचं लायसन्स चालू आहे आणि तिच्यावर कारवाई झालेली नाही. ज्या ज्या राज्यात कधीही लायसन्स घेतलं असेल, आज ते संपलेलं असलं तरी, त्या प्रत्येक राज्याचं असं पत्र लागू शकतं. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून, प्रॅक्सिसचे गुण ती परीक्षा घेणाऱ्या ईटीएसकडून. मास्टर्स भारतात केलं असेल, वांद्र्याच्या अली यावर जंगमधून, नायरमधून, पुण्याच्या भारती विद्यापीठातून किंवा म्हैसूरहून, तर पदवीचं मूल्यांकनही लागतं. आशाचा परस्पर मान्यतेचा करार कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडशी आहे, भारताशी नाही. त्यामुळे आरसीआयच्या, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीवर इथे परवानगी मिळत नाही. पण दुसऱ्या देशात लायसन्स होतं का, असं अर्जात विचारलं असेल तर ती नोंद जरूर लिहा.

आता नावाबद्दल, कारण आपल्या लोकांचे अर्ज इथे हमखास अडकतात. समजा, मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर ‘कुलकर्णी मृणाल सुधीर’ आहे, आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी. पासपोर्टवर लग्नानंतरचं ‘मृणाल अनिकेत देशपांडे’. सोशल सिक्युरिटी कार्डावर मधलं नाव गळलेलं आणि प्रॅक्सिसच्या खात्यात स्पेलिंगमध्ये एक अक्षर वेगळं. बोर्डातल्या कर्मचाऱ्याला ही चार वेगळी माणसं वाटतात आणि त्यात त्याची काही चूक नाही. अर्ज करण्याआधी आशा, प्रॅक्सिस आणि बोर्ड या तिन्ही ठिकाणी पासपोर्टप्रमाणे एकच नाव करून घ्या. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जवळ ठेवा. गॅझेटमध्ये नाव बदललं असेल तर त्याचीही प्रत ठेवा. भारतात जाणार असाल तर ट्रान्सक्रिप्टची जास्तीची सीलबंद पाकिटं आणा. नंतर चुलत भावाला मुंबई विद्यापीठाच्या कलिनातल्या खिडकीवर उभं करणं फार अवघड पडतं.

बोटांच्या ठशांचंही नियोजन करा. जुन्या राज्यात दिलेले ठसे नवं बोर्ड वापरत नाही. कॅलिफोर्नियाचं लाइव्ह स्कॅन, म्हणजे मशीनवर ठसे देणं, फक्त कॅलिफोर्नियात होतं. बाहेरून अर्ज केला तर कागदी कार्डावर ठसे पाठवावे लागतात आणि त्याला वेळ लागतो. घर बघायला जाणार असाल तर बोर्डाचा फॉर्म छापून न्या आणि त्याच फेरीत ठसे देऊन या. टेक्सासला जाणाऱ्यांना राज्याच्या नियमांवरची ज्युरिसप्रुडन्स परीक्षा द्यावी लागते.

शाळेत काम करायचं असेल तर शिक्षण खात्याचा कागद वेगळा. कॅलिफोर्नियात सरकारी शाळेसाठी टीचर क्रेडेन्शियलिंग कमिशनचं क्रेडेन्शियल, न्यू यॉर्कमध्ये टीएसएसएलडी हे शिक्षकाचं प्रमाणपत्र. एचवनबी वर्क व्हिसावर असाल तर दुसऱ्या महानगरात काम सुरू करण्याआधी एम्प्लॉयरला सुधारित पिटिशन भरावं लागतं, म्हणून राजीनामा देण्याआधी वकिलाशी बोला.

इंटरस्टेट कॉम्पॅक्टबद्दल, म्हणजे एकमेकांची लायसन्सं मानण्याच्या राज्याराज्यांतल्या कराराबद्दल, बरेच जण विचारतात. 30 हून अधिक राज्यांनी तो कायदा केला आहे. पण त्याचा उपयोग एका राज्यात राहून दुसऱ्या राज्यातले पेशंट बघायला. बिऱ्हाडच हलवलं तर नव्या राज्याचं लायसन्स घ्यावंच लागतं.

नवा लायसन्स नंबर बोर्डाच्या वेबसाइटवर दिसेपर्यंत एकही पेशंट बघू नका. व्हिडिओवरही नाही, कारण मूल ज्या राज्यात बसलं आहे तिथलं लायसन्स लागतं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणीतरी नक्की म्हणेल, “ताई, आमचा अडीच वर्षांचा झाला तरी बोलत नाही, जरा बघता का?” अशा वेळी तपासणी करू नका, पण त्यांना रिकाम्या हातीही पाठवू नका. तीन वर्षांखालच्या मुलासाठी राज्याच्या अर्ली इंटरव्हेन्शनला, म्हणजे लहान मुलांना लवकर मदत देणाऱ्या सरकारी सेवेला, आईवडील स्वतः फोन करू शकतात आणि मूल्यमापन मोफत असतं. तीन पूर्ण झाल्यावर हीच विनंती स्कूल डिस्ट्रिक्टकडे लेखी करायची. आणि घरात मराठी बोलणं बंद करा असं त्यांना कुणी सांगितलं असेल, तर दोन भाषांमुळे बोलायला उशीर होत नाही, हे तिथल्या तिथे, ठामपणे सांगा. त्याला कुठलंच लायसन्स लागत नाही.