रोह्याच्या अलीकडे उरकायची कामे

दादर, ठाणे किंवा पनवेलहून कोकणात निघताना गाडीत इंटरनेट सलग मिळेल असे धरून कोणतेही काम मागे ठेवू नये. ज्याला रेंज लागते ते सारे रोह्याच्या अलीकडे उरकावे आणि पुढचा प्रवास रेंज असली तर असली, नसली तर नसली, या हिशेबाने आखावा. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या सुमारे 740 किलोमीटरच्या कोकण रेल्वेवर नव्वदहून अधिक बोगदे असून त्यांची एकत्रित लांबी 84 किलोमीटरच्या आसपास भरते. बोगद्यात रेंज जाते हे सांगायला नको. पण दोन बोगद्यांच्या मध्ये डोंगर फोडून काढलेल्या खोल कटिंगमधून गाडी जाते तेव्हाही दोन्ही बाजूंचा जांभा आणि काळा पाषाण टॉवरच्या लहरी अडवतो, हे मात्र नवख्या प्रवाशाच्या ध्यानात येत नाही.

तयारीला आठवडाभर आधी लागावे ते सिमकार्डासाठी. फोनमध्ये दोन सिमची सोय असेल तर दोन्ही एकाच कंपनीची ठेवू नयेत. दुसरी कंपनी कोणती घ्यावी हे मुंबईतल्या दुकानदाराला न विचारता गावी फोन करून विचारावे, कारण एकाच गावात वरच्या वाडीत एका कंपनीची रेंज असते आणि खालच्या वाडीत दुसरीची. नवे सिम सुरू व्हायला कधी कधी वेळ लागतो आणि रिचार्ज संपल्याचे नेमके वाटेत कळते, म्हणून ही दोन्ही कामे शेवटच्या दिवसावर टाकू नयेत. गणपतीत जाणार असाल तर अधिकच, कारण त्या दिवसांत एकेका टॉवरवर इतके चाकरमानी एकदम येतात की रेघा पूर्ण दिसूनही काही उघडत नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री फोन फ्लाइट मोडवर टाकावा आणि वाटेत लागणारे एकेक ॲप उघडून पाहावे. इतकी साधी आणि इतकी उपयोगी परीक्षा दुसरी नाही. उतरवून घेतले आहे असे वाटलेले गाणे, मुलांसाठी ठेवलेला चित्रपट, कार्यालयाची फाइल, गावाकडच्या रस्त्याचा नकाशा, यांतले जे उघडणार नाही ते त्याच रात्री घरच्या वायफायवर पुन्हा उतरवून घ्यावे. तिकिटाचा संदेश आणि त्याचा स्क्रीनशॉट दोन्ही जपून ठेवावेत. ओळखपत्र म्हणून डिजिलॉकरमधले आधार रेल्वेत चालते, परंतु ते ॲप ऐन वेळी इंटरनेट मागू शकते, तेव्हा मूळ कार्ड खिशात असलेले बरे. गाडी कुठे आली हे पाहायला ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप इंटरनेट नसतानाही टॉवरच्या खुणेवरून अंदाज देते. मात्र बोगद्यात टॉवरही नसतो आणि जीपीएसही नसते, त्यामुळे तिथे ठिपका हलला नाही म्हणून गाडी उभी आहे असे समजू नये.

पैशांची तयारी वेगळी करावी लागते. वाटेत वडे, भजी, चहा घेताना क्यूआर कोड समोर येतो, गाडी दोन मिनिटे थांबलेली असते आणि पडद्यावरचे चक्र फिरतच राहते. अशा वेळी दहा, वीस आणि पन्नासच्या नोटाच कामाला येतात. निदान तीनचारशे रुपये सुटे वरच्या खिशात असावेत आणि उतरल्यावर रिक्षाला द्यायचे त्याहून निराळे. ओटीपी लागणारे कोणतेही काम गाडीत करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकदा संगमेश्वरला गाडी क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला, थांबली होती, रेंज उत्तम होती, म्हणून मी विजेचे बिल भरायला घेतले. आकडा टाकला, ओटीपी मागवला आणि गाडी हलली. पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. रत्नागिरीच्या फलाटावर तीन ओटीपी एकदम आले, तेव्हा तिघांचीही मुदत संपलेली होती आणि पैसे कापले गेले की नाही हे मला दुसऱ्या दिवशी कळले. स्थानकातल्या मोफत वायफायचेही असेच आहे. त्यात शिरायलाही बहुधा मोबाइलवर ओटीपी यावा लागतो.

कार्यालयाची बैठक गाडीतून करण्याचे कबूल करू नये. करावीच लागली तर बोगद्यांची जागा माहीत असावी. खेडच्या अलीकडे नातूवाडीचा बोगदा चार किलोमीटरहून लांब आहे, मग सावर्डे, मग करबुडे, आणि रत्नागिरी सोडल्यावर टिके व बेर्डेवाडी हे दोघेही चार किलोमीटरच्या घरातले. ताशी 75 किलोमीटर वेगाने एकटे करबुडे ओलांडायलाच पाच मिनिटांहून अधिक लागतात, आणि पावसाळी वेळापत्रकात गाडी सावकाश जाते तेव्हा त्याहूनही जास्त. कणकवलीपासून सावंतवाडीपर्यंतचा पट्टा त्या मानाने मोकळा असतो. वीरच्या पुढे बहुतांश मार्ग एकेरी असल्यामुळे गाडी मधल्याच एखाद्या स्थानकात क्रॉसिंगला थांबते. इतर वेळी कंटाळवाणा वाटणारा तो थांबा संदेश पाठवायला आणि आलेले वाचायला वापरावा. वातानुकूलित डब्याची बंद काच आणि धातूची भिंत रेंज आणखी कमी करते, पण म्हणून दारात उभे राहून फोन करू नये.

रेंज शोधता शोधता फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून लांब बोगद्यांच्या पट्ट्यात फ्लाइट मोड लावावा. सोबत पूर्ण भरलेली पॉवर बँक असावी. रात्री 11 ते पहाटे 5 या वेळात डब्यातले चार्जिंग बंद ठेवण्याच्या सूचना रेल्वेने दिलेल्या आहेत. मदतीसाठी 139 आणि 112 हे क्रमांक लक्षात असावेत. स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा टॉवर हाताशी असल्यास 112 लागतो.

आणि निघताना घरी सांगून ठेवावे. आमच्या आईला पूर्वी फोन ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ लागला की घोर लागायचा. आता चिपळूण सोडताना एक संदेश आणि रत्नागिरीला एक फोन असे ठरले आहे, मधल्या वेळात ती फोन करत नाही. न्यायला येणाऱ्याचा आणि नेहमीच्या रिक्षावाल्याचा नंबर कागदावर लिहून तो कागद पाकिटात ठेवावा, फोनमध्ये नव्हे.