साइट झाली, पण गूगलवर दिसेना? या चुका टाळा

माझ्या मामेभावाची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. दलालाला माल देण्यापेक्षा पेट्या थेट घरोघरी पाठवाव्यात म्हणून त्याने वेबसाइट करून घेतली. गुढीपाडव्याला साइट सुरू झाली. फोटो उत्तम, पैसे भरायची सोय चोख. एप्रिल गेला, मे संपत आला, पण गूगलवरून एकही गिऱ्हाईक आलं नाही. पावसाला सुरुवात झाल्यावर त्याचा फोन आला, "दादा, बागेचं नाव जसंच्या तसं टाकलं तरी साइट येत नाही रे."

कारण सापडायला दहा मिनिटं लागली. बाकीचं दुरुस्त करण्यात मात्र पुढचे कितीतरी महिने गेले. त्या कामात जे समजलं ते इथे लिहितोय, कारण स्वतःच्या साइटचं एसईओ, म्हणजे शोधात साइट वर आणण्याचं काम, स्वतः करणारे बहुतेक जण याच चुका करतात, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत मराठी साइटच्या अडचणी सहसा सापडत नाहीत.

पहिला नंबर नंतर, आधी नोंद

"पहिल्या पानावर कसं यायचं?" या प्रश्नापासून सुरुवात करणं हीच पहिली चूक. गूगलकडे तुमच्या पानांची नोंदच नसेल तर क्रमांक कसला मिळणार? शोधाच्या चौकटीत 'साइट' हा शब्द इंग्रजीत, त्याला लागून कोलन आणि मग मधे जागा न सोडता तुमचा पत्ता टाका. एकही पान आलं नाही तर गडबड आहे असं समजा. पण ही नुसती नाडी पाहणं झालं. खरं उत्तर गूगल सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्याच साधनात, मिळतं. ते मोफत आहे. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, जिथून घेतलं तिथल्या डीएनएस सेटिंगमध्ये त्यांनी दिलेली एक ओळ टाकली की मालकी सिद्ध होते.

इथेच एक गोष्ट तपासून घ्या. डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आहे का? साइट बनवणाऱ्याने ते स्वतःच्या खात्यातून घेतलेलं असेल तर आजच बदलून घ्या. उद्या त्याने फोन उचलला नाही तर केलेली सगळी मेहनत त्याच्या खात्यात अडकेल. भावाचं डोमेन असंच परत मिळवावं लागलं.

त्याच्या साइटचं मूळ दुखणं वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या प्रणालीतल्या एका चौकटीत होतं. 'सेटिंग्ज'मध्ये 'रीडिंग' उघडा. सगळ्यांत खाली, सर्च इंजिनांनी या साइटची नोंद घेऊ नये अशा अर्थाची एक चौकट असते. काम चालू असताना अर्धवट पानं बाहेर जाऊ नयेत म्हणून साइट बनवणारे तिथे खूण करून ठेवतात, आणि साइट हवाली करताना ती काढायला विसरतात. २०१९ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून ही खूण असली की प्रत्येक पानावर 'नोइंडेक्स'चा, म्हणजे नोंद घेऊ नका असं सांगणारा, टॅग लागतो. आमचा अख्खा हंगाम त्या एका खुणेपायी गेला.

वर्डप्रेस नसेल तर सर्च इंजिनांनी कुठली पानं उघडू नयेत ते सांगणारी रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल बघा. तिच्यात 'डिसअलाऊ'पुढे फक्त एक तिरकी रेघ असेल तर सगळी साइट बंद आहे. एखादं पान लपवायचं म्हणून ते या फाइलमध्येही अडवायचं आणि त्यावर नोइंडेक्सही लावायचं, असं दुहेरी काम बरेच जण करतात. ते उलटं पडतं. गूगलला पान उघडताच आलं नाही तर आतला नोइंडेक्स त्याला दिसणार कसा? दाराला कुलूप लावून आतल्या भिंतीवर सूचना लिहिण्यासारखं आहे ते. अशा पानाचा नुसता पत्ता निकालात दिसत राहू शकतो. लपवायचं असेल तर नोइंडेक्स लावा आणि दार उघडं ठेवा.

दुरुस्ती झाली की कन्सोलमध्ये साइटमॅप, म्हणजे साइटच्या पानांची यादी, सादर करा. वर्डप्रेस तो २०२० पासून आपोआप बनवतं. महत्त्वाच्या पाच-सहा पानांसाठी कन्सोलमधून नोंदीची विनंती करा, एकदाच. रोज तेच बटण दाबून काहीही लवकर होत नाही.

'शोधलं' आणि 'वाचलं' यातला फरक

कन्सोलच्या पानांच्या अहवालात दोन शेरे नव्या साइटवाल्यांना हमखास दिसतात. एकाचा अर्थ, पान असल्याचं कळलंय पण अजून जाऊन पाहिलेलं नाही. दुसऱ्याचा अर्थ, जाऊन वाचलं, तरी नोंदीत घेतलं नाही. लोक दोन्हीवर एकच औषध देतात, पुन्हा विनंती. पहिल्यासाठी थोडं थांबा आणि त्या पानाकडे मुख्य पानावरून दुवा आहे ना ते बघा. नुसतं साइटमॅपमध्ये असून भागत नाही. दुसरा शेरा असेल तर मजकुराकडेच बघावं लागतं.

भावाच्या साइटवर बारा शहरांची बारा पानं होती. पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर. मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं. गूगलच्या नियमांत अशी पानं थेट स्पॅममध्ये मोडतात. ती आम्ही काढली आणि एकच पान केलं: कोणत्या शहरात कोणत्या वारी गाडी जाते, पेटी घरी येते की डेपोवरून न्यावी लागते, भाडं किती. ते पान नोंदीत आलं.

मजकूर मराठीत आहे, पण गूगलला तो मराठी वाटतो का?

या भागावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला. इतरांनीही घालवावा.

आपल्याकडे माहितीपत्रक आधी छापलं जातं आणि साइट नंतर होते. माहितीपत्रकाचा मजकूर डीटीपीवाल्याकडून येतो आणि तो पुष्कळदा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नसतो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये पडद्यावर 'हापूस' दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. तो मजकूर साइटवर नीट उमटत नाही, म्हणून साइटवाला पत्रकाचं चित्र करून टाकतो. माणसाला सगळं वाचता येतं, पण यंत्राच्या दृष्टीने पान जवळजवळ कोरं. पारख सोपी आहे: पानावरची एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. स्वच्छ मराठी उमटलं तर ठीक. चिन्हांचा गोंधळ उमटला किंवा ओळ निवडताच आली नाही, तर मजकूर पुन्हा टाका. फॉन्ट युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, पण त्यातून बाहेर आलेला मजकूर डोळ्यांखालून घाला. रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात.

मग पानाचे पत्ते. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस पत्ताही देवनागरीत करतं. गूगलला तो चालतो. अडचण वेगळीच आहे. देवनागरीचं एक चिन्ह, म्हणजे काना-मात्रासुद्धा, पत्त्यात टक्केचिन्हांसह नऊ अक्षरांची जागा खातं, आणि वर्डप्रेस पत्त्याचा तो भाग २०० अक्षरांवर तोडतं. म्हणजे साधारण बावीस चिन्हं. 'देवगड हापूसची पेटी घरपोच कशी मागवावी' यातलं 'घरपोच'पर्यंतच मावतं, 'कशी मागवावी' तुटून जातं. शिवाय तो दुवा कुणाला पाठवला की बरेचदा टक्केचिन्हांची लांबलचक माळ दिसते आणि लोक तिला हात लावत नाहीत. मी पत्ते छोटे आणि रोमनमध्ये ठेवतो. हे पान प्रसिद्ध करण्याआधी ठरवा. नंतर बदलायचंच असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट (कायमचं वळण) लावल्याशिवाय बदलू नका.

आता शब्द. भावाच्या मुख्य पानावर 'कोकणचा राजा', 'अवीट गोडीचा', 'अस्सल' असं सगळं होतं. भाव कुठेच नव्हता. एक पेटी किती डझनांची, हेही नव्हतं. शोधणारा माणूस 'अवीट' टाइप करत नाही. तो 'हापूस आंबा पेटी भाव' टाइप करतो, आणि पुष्कळदा मराठीच शब्द रोमन लिपीत टाकतो. गूगल ट्रेंड्सवर दोन शब्दांची तुलना करता येते. शोधाच्या चौकटीत अर्धं वाक्य लिहिल्यावर खाली येणाऱ्या सूचनाही उपयोगी पडतात. पण आम्हाला खरा खजिना मिळाला भावाच्या व्हॉट्सॲपवर. दोन हंगामांत गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्न आम्ही वहीत उतरवून काढले. आंबा अढीत किती दिवस ठेवायचा? फ्रिजमध्ये ठेवला तर चालतो का? हा देवगडचाच कशावरून? साका निघाला तर पैसे परत मिळतील का?

या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर फक्त बागाईतदारच देऊ शकतो. साका झालेलं फळ बाहेरून उत्तम दिसतं. आत गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबट झालेला असतो, आणि कापल्याशिवाय ते कळत नाही. हे भावाने स्वतःच्या बोलीत, स्वतः काढलेल्या फोटोसह लिहिलं. अस्सलपणाच्या प्रश्नाला त्याने भौगोलिक मानांकनाची माहिती दिली: २०१८ मध्ये हापूसला ते मिळालं आणि त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. 'आंब्याचे दहा फायदे' असले लेख आम्ही लिहिले नाहीत. ते सगळीकडे आहेत.

मराठीची आणखी एक गंमत म्हणजे सामान्यरूप. 'पुणे'चं 'पुण्यात' होतं, 'आंबा'चं 'आंब्याची'. शोधणारा बहुधा मूळ रूप टाकतो. म्हणून काही जण 'हापूस आंबा पुणे घरपोच हापूस पुणे' अशी मोडकी वाक्यं रचतात. तसं करू नका, वाचणारा लगेच परत जातो. शीर्षकात किंवा उपशीर्षकात एकदा मूळ रूप येऊ द्या आणि खाली आपली नेहमीची मराठी लिहा. इंग्रजी मजकूरही हवा असेल तर त्याला वेगळं पान, वेगळा पत्ता द्या. एकाच पानावर दोन भाषांची खिचडी केली की पानाची भाषा ओळखणं गूगलला जड जातं. ती तो दिसणाऱ्या मजकुरावरूनच ठरवतो.

पैसे कुठे वाया जातात

साइट सुरू झाली की फोन येऊ लागतात. "आठ दिवसांत पहिला नंबर, पाच हजार बॅकलिंक." अशी हमी कुणीही देऊ शकत नाही, असं गूगलनेच लिहून ठेवलंय. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणारे दुवे. विकत घेतलेल्या दुव्यांवर गूगलच्या २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून कारवाई होत आली आहे. भावाने असे पैसे आधीच भरले होते. आम्ही कन्सोलमधला मॅन्युअल ॲक्शनचा, म्हणजे गूगलच्या माणसांनी केलेल्या कारवाईचा, अहवाल पाहिला. तो कोरा होता, म्हणून ते दुवे तसेच सोडून दिले. खरे दुवे जवळच होते: शेजारच्या होमस्टेची साइट, बागाईतदारांचा गट, बागेला भेट देऊन गेलेल्या एका प्रवाशाचं लेखन. विचारल्यावर त्यांनी आनंदाने दिले.

कीवर्ड्सचा मेटा टॅग (पानाच्या कोडमधली शोधशब्दांची यादी) भरण्यात वेळ घालवू नका. गूगल क्रमासाठी तो वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलं. एआयकडून शंभर लेख पाडून घेणंही महागात पडेल. निव्वळ क्रमासाठी ढिगाने बनवलेला मजकूर, मग तो यंत्राने लिहिलेला असो वा माणसाने, मार्च २०२४ पासून स्पॅमच्या नियमांत येतो. गूगल बिझनेस प्रोफाइलवर, म्हणजे गूगल मॅप्सवर दिसणाऱ्या व्यवसायाच्या नोंदीत, बागेचं खरं नाव लिहा; नावापुढे 'बेस्ट हापूस मँगो होम डिलिव्हरी' जोडलं तर प्रोफाइल बंद होऊ शकतं.

फोटोंबद्दल थोडक्यात. मोबाइलवरून काढलेला पाच-सहा एमबीचा फोटो तसाच चढवू नका. गूगल साइटची मोबाइलवर दिसणारी आवृत्तीच बघतं, आणि पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा अशी त्याची अपेक्षा आहे. फोटो लहान करा, वेबपी या हलक्या स्वरूपात ठेवा, प्रत्येकाला एका ओळीचं वर्णन द्या. पेजस्पीड या गूगलच्या वेगाच्या चाचणीत शंभरपैकी शंभर मिळवायच्या मागे लागू नका.

हंगाम संपला म्हणून पान काढू नका

आंबा, राख्या, दिवाळी फराळ, आकाशकंदील विकणाऱ्या सगळ्यांची ही चूक होते. हंगाम संपला की पान उडवतात आणि पुढच्या वर्षी नव्या साली नवा पत्ता करतात. वर्षभरात त्या पानाने जी ओळख कमावली ती पुसली जाते. पत्ता कायम ठेवा, त्यात साल घालू नका. जूनमध्ये त्याच पानावर लिहा की यंदाची विक्री संपली, पुढची नोंदणी अमुक महिन्यात सुरू होईल, आणि फोन नंबर घेण्याची सोय ठेवा.

एसईओचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं, असं गूगलचंच म्हणणं आहे. म्हणजे पाडव्याला पेट्या विकायच्या तर काम गणपतीत सुरू हवं. झाडांना मोहोर येईपर्यंत पानं नोंदीत असायला हवीत. सर्च कन्सोल सोळा महिन्यांची आकडेवारी ठेवतं, त्यामुळे यंदाचा एप्रिल मागच्या एप्रिलशी ताडून बघता येतो. त्यासाठी मागच्या एप्रिलआधी ते जोडलेलं असायला हवं.

भावाने पुढच्या गणपतीत, पाहुणे गेल्यावर, प्रश्नांची ती वही उघडली आणि रोज एक उत्तर लिहिलं. फेब्रुवारीत कन्सोलमधल्या शोधशब्दांच्या यादीत सगळ्यांत वर बागेचं नाव नव्हतं, 'देवगड हापूस'ही नव्हतं. तिथे होतं, 'आंब्यात साका का होतो'. त्या पानाच्या तळाशी त्याने लिहिलंय की साका निघालेल्या फळाचा फोटो पाठवा, बदली फळ पुढच्या पेटीतून येईल. त्या हंगामातली गूगलवरची पहिली ऑर्डर त्याच पानावरून आली.