पुण्यात स्त्री अभ्यास शिकायचंय? मराठी माध्यमातून येणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

रिझल्ट लागायला लागले की मला गावाकडच्या मुलींचे मेसेज सुरू होतात, ताई तुम्ही तो स्त्री अभ्यासाचा एमए केलाय ना, मला झेपेल का, माझं इंग्लिश कच्चं आहे, आणि पुढं नोकरीचं काय. प्रत्येकीला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. मी बार्शीची, बीए इतिहास घेऊन, शाळा-कॉलेज सगळं मराठीतून. आता पुण्यात एका संस्थेत काम करते आणि ऑफिसांमधे लैंगिक छळाच्या कायद्यावर ट्रेनिंग देते.

आधी एक गैरसमज. हा विषय म्हणजे बायकांवर झालेल्या अन्यायाची यादी पाठ करणं नाही, आणि पुरुषांना शिव्या घालणं तर नाहीच. माझ्या वर्गात मुलं होती, नर्सिंग करून आलेली एक होती, एक जण बीकॉमवाला होता, दोघी लग्न झालेल्या होत्या. बाईपण आणि पुरुषपण कसं घडवलं जातं, त्यात जात कुठं येते, पैसा कुठं येतो, कायदा काय करतो, हे सगळं कागदपत्रं वाचून आणि माणसांत जाऊन शोधायचं असा हा अभ्यास आहे.

इंग्लिशचं खरं सांगते, पहिलं सेमिस्टर जड जातं. वाचायला देतात ते बरंचसं इंग्लिशमधे असतं आणि ते इंग्लिशही साधं नसतं. आम्ही चार-पाच जणी मिळून वाचायचो, एकीने एक लेख घ्यायचा, परिच्छेदा-परिच्छेदाने मराठीत बाकीच्यांना सांगायचा, अडलं की सरळ मॅडमना विचारायचं. दिवाळीपर्यंत भीती बरीच गेली. पेपर मी मराठीतून लिहिले, तुम्ही जिथं अर्ज करताय तिथं ही सोय आहे का ते प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या.

पण मला खरं सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. पुण्यात हा विषय शिकायचा तर तुमची मराठी हे तुमचं भांडवल आहे, कारण इथला सगळा कच्चा माल मराठीत पडलाय. इंग्लिश शाळेतून आलेल्या हुशार मुली जुना मराठी मजकूर लागला की अडायच्या आणि मग आमच्याकडे यायच्या.

एकच साल घ्या, १८८२. त्या साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंचं 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापलं गेलं. त्याला निमित्त होतं सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेचा खटला, मूल मारल्याबद्दल तिला आधी फाशीची शिक्षा झाली होती आणि त्यावरून पेपरांमधे एकूणच बायकांच्या वागण्यावर तोंडसुख घेतलं जात होतं. ताराबाईंनी त्याला दिलेलं उत्तर मूळ मराठीत वाचा, तो राग दुसऱ्या भाषेत पोचत नाही असं माझं ठाम मत आहे. त्याच साली पंडिता रमाबाई पुण्यात येऊन आर्य महिला समाज काढतात, शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनपुढं साक्ष देतात आणि बायकांसाठी बायका शिक्षिका हव्यात, बायका डॉक्टर हव्यात असं सांगतात. आणि याच्या कितीतरी आधी, १८६३ मधे, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी याच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह, म्हणजे विधवांना सुरक्षित बाळंत होता येईल अशी जागा, उघडलेलं असतं.

आता इथं वर्गात प्रश्न येतो की बालहत्येच्या या प्रकरणांत पुन्हा पुन्हा ब्राह्मण विधवाच का दिसतात? कारण पुनर्विवाहाची बंदी सगळ्यात कडक तिथं होती, कितीतरी जातींमधे पाट लावायची, म्हणजे विधवेचं पुन्हा लग्न लावायची, चाल होती. मग त्या दुसऱ्या जातींतल्या बायका सुखात होत्या का? तर १८५५ सालचा मुक्ता साळवेचा 'ज्ञानोदय'मधला निबंध काढायचा. फुल्यांच्या शाळेत शिकणारी ही मांग समाजातली मुलगी, आणि ती लिहिते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडीपावसात त्यांचे हाल होतात. एकच शहर, तोच काळ, दोघीही बायकाच, आणि दुःख किती वेगळं. जात बाजूला ठेवून बाईचा प्रश्न समजत नाही हे शर्मिला रेगे मॅडमनी आयुष्यभर मांडलं, पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राच्या त्या प्रमुख होत्या, २०१३ मधे गेल्या. मी त्यांच्या वर्गात बसू शकले नाही, पण दलित बायकांची आत्मचरित्रं कशी वाचायची हे त्यांच्याच लिखाणातून शिकले. हे केंद्र १९८७ पासून आहे, सुरुवातीला विद्युत भागवत मॅडमनी ते उभं केलं. हे लोक कोण होते ते माहीत करून मगच पुण्यात या, वर्गात बसल्यावर खूप फरक पडतो.

आता फील्डवर्क. वाचनाइतकंच ते महत्त्वाचं आहे आणि गावाकडून आलेल्या मुली यात फार चांगलं काम करतात हे मी बघितलंय. माझा प्रबंध कचरावेचक बायकांवर होता. पुण्यात त्यांची संघटना आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ पासूनची, एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून तिची सुरुवात झाली. मी एका मावशींबरोबर बसायचे, सोसायटीतनं कचरा आणून झाला की एका शेडमधे त्या पोतं मोकळं करायच्या आणि निवडायला बसायच्या. पांढरा कागद वेगळा, पुठ्ठा वेगळा, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, प्लास्टिकचा तुकडा हातात नुसता चुरगाळून आवाजावरनं सांगायच्या की हा कुठल्या ढिगात जाणार, कारण प्रत्येकाचा भाव वेगळा. बोलताना हात एकदाही थांबले नाहीत. मी विचारलं शिक्षण किती, तर म्हणाल्या मी अडाणी आहे गं. नंतर मी त्यांचा पूर्ण दिवस तासातासाने लिहून घेतला, पहाटे पाणी भरण्यापासून ते रात्री नातवाचा डबा घासण्यापर्यंत, आणि वाचून दाखवला तर म्हणाल्या, एवढं करते होय मी? पुन्हा वाच.

दिवसाची अशी नोंद करणं ही अभ्यासाची पद्धतच आहे, सरकारपण करतं. २०१९ च्या टाइम यूज सर्व्हेत, म्हणजे लोकांचा दिवस कशात जातो याच्या पाहणीत, घरचं बिनपगारी काम जे करतात त्यांच्यात बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाली आणि पुरुषांची ९७. परीक्षेत हा आकडा लिहिता येतोच, पण त्यातली मिनिटं कशी जातात हे एका बाईजवळ बसून लिहिलंत तर तुमचा प्रबंध तुमचा होतो.

मुलाखतीचं एवढंच सांगते. रेकॉर्डिंगला आधी विचारायचं, नाही म्हटलं तर वही काढायची, तीपण नको म्हटलं तर गप्पा मारून घरी यायचं. सरकारी योजना मिळवून देऊ, घर मिळवून देऊ असलं काही बोलायचं नाही. टाइप करताना त्यांची बोली आहे तशी ठेवायची, शुद्ध करत बसायचं नाही. आणि लिहून झालं की त्यांना मराठीत वाचून दाखवायचं, मला वाटतं हे आपलं देणं आहे.

आणखी एक, हे वाचन मनाला लागतं. हुंड्याच्या, मारहाणीच्या, बलात्काराच्या केसेस वाचताना कुणाला घरचं आठवतं, कुणाला स्वतःचं. आमच्यातली एक अर्ध्यातून वर्गाबाहेर गेली होती. असं झालं तर एकटीनं सहन करू नका, मैत्रिणीशी बोला, शिक्षकांशी बोला, समुपदेशकाकडे जा. ज्या शिक्षिका हा विषय शिकवतात त्यांना हे माहीत असतं.

पैशाचं बघा. हॉस्टेल मिळालं तर उत्तम, नाहीतर कॉट बेसिसवर राहावं लागतं, डिपॉझिट आणि मेस धरून हिशोब करूनच या. विद्यापीठात कमवा आणि शिका योजना आहे, सुरुवातीलाच चौकशी करा. शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर वेळेत भरा, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला गावाकडनंच काढून आणा, नंतर तहसीलच्या चकरा मारण्यात वर्गातले दिवस जातात.

नोकरी. लगेच मोठा पगार मिळत नाही, संस्थांमधल्या बऱ्याच जागा प्रोजेक्टवर असतात, प्रोजेक्ट संपला की पुन्हा शोधा. पण काम आहे. लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसात अंतर्गत समिती लागते, त्यात बाहेरची एक जाणकार सदस्य लागते, ट्रेनिंग द्यावं लागतं, आणि मराठीत ते नीट समजावून देणाऱ्या बायका कमी आहेत. फॅक्टरीत शॉपफ्लोअरवर इंग्लिश स्लाइड दाखवून काही होत नाही, तिथं मी कायम मराठीतच बोलते, आणि शेवटी एखादी कामगार बाई बाजूला घेऊन विचारतेच की तक्रार कुणाकडं द्यायची. हाच कायदा नीट शिकून घ्या, कलमं, मुदती, सगळं. यूजीसी नेटला, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षेला, स्त्री अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे, त्यात जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीचा खर्च निघतो. माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), उमेद हे सरकारचं ग्रामीण अभियान अशा ठिकाणी बचत गटांच्या कामाच्या जागा निघतात. मात्र जाहिरात नीट वाचा, कितीतरी समुपदेशनाच्या जागांना एमएसडब्ल्यूच, म्हणजे समाजकार्याची पदवीच, मागतात. म्हणून शिकता शिकता एक हातातलं कौशल्य कमवा, डेटा भरणं, अहवाल लिहिणं, भाषांतर, काहीही.

आणि घरचे. माझ्या वडिलांना वाटत होतं की हे शिकून पोरगी लग्नालाच नको म्हणेल. मी वाद घातला नाही, सुट्टीत गेले की काय वाचलं ते आईसमोर सांगत बसायचे, सातबारावर बायकोचं नाव का लागत नाही, ते कसं लावता येतं. वडील कोपऱ्यात बसून ऐकायचे. पुढं त्यांनी स्वतःच तलाठ्याकडं जाऊन चौकशी केली.

अर्ज भरायच्या आधी एक करा. ताराबाई आणि मुक्ता साळवे, दोघींचं मूळ लिखाण वाचा, दोन्ही छोटी आहेत, आणि मग तुमच्याच गल्लीतल्या एखाद्या बाईचा दिवस तासातासाने लिहून बघा. प्रवेशाच्या मुलाखतीला 'हा विषय का' असं विचारलं तर ती वहीच पुढं करा, मी तसंच केलं होतं.