लांब पल्ल्याची तयारी आणि आठवड्यातील वजनाचे दोन दिवस

मुंबई मॅरेथॉन साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून ती धावायची असेल, तर जूनमध्येच जिमचा रस्ता धरावा असे माझे मत आहे. पावसाच्या चार महिन्यांत रस्ते निसरडे असतात, खड्डे पाण्याखाली दडलेले असतात आणि लांब अंतर नियमितपणे साधत नाही. मात्र जिमच्या छताखाली पावसाचा अडथळा नसतो. म्हणून जून ते सप्टेंबर ताकद वाढवावी आणि दसऱ्यापासून अंतर वाढवत नेताना ती ताकद केवळ टिकवून ठेवावी.

वजन उचलल्याने धावणे मंदावेल, अशी भीती अनेकांच्या मनात असते. संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा आठवड्यांच्या प्रयोगात ताकदीचा आणि दमसासाचा असे दोन्ही व्यायाम एकत्र करणाऱ्या गटाची ताकद सातव्या आठवड्याच्या सुमारास वाढायची थांबली. दमसास मात्र वाढतच राहिला. म्हणजे या ओढाताणीत नुकसान झाले ते ताकदीचे, धावण्याचे नव्हे. पुढे १९९९ मध्ये फिनलंडच्या लीना पाव्होलाइनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धावपटूंच्या सरावाचा काही भाग उड्या, स्प्रिंट आणि स्फोटक ताकदीच्या व्यायामांना दिला, तेव्हा त्यांची पाच किलोमीटरची वेळ सुधारली, आणि तीही ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता न वाढता. त्याच वेगाला शरीर कमी खर्चात धावू लागले, असा याचा अर्थ आहे. पेडर रोडचा चढ फुल मॅरेथॉनच्या अखेरच्या टप्प्यात येतो, तेव्हा ही बचत उपयोगी पडते.

खरा प्रश्न वजन उचलावे की नाही हा नसून ते कोणत्या दिवशी उचलावे हा आहे. एका शनिवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी पाम बीच रोडवर वाशी ते बेलापूर आणि परत असा वीस किलोमीटरचा बेत असताना, मी जिममध्ये उत्साहाच्या भरात लंजेसचे, म्हणजे पाऊल पुढे टाकून गुडघे वाकवण्याच्या व्यायामाचे, पाच सेट केले होते. जाताना काही जाणवले नाही. परतीला चौदाव्या किलोमीटरच्या आसपास मांड्या अशा आखडल्या की दुभाजकाला टेकून उभे राहावे लागले आणि अखेर नेरूळहून ठाणे लोकल पकडून घरी यावे लागले. स्नायूंची दुखरी अवस्था व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत सर्वाधिक असते, हे ठाऊक असूनही मी तो व्यायाम लाँग रनच्या आदल्या दिवशी केला होता.

तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: कठीण दिवस पूर्ण कठीण आणि सोपा दिवस खरोखर सोपा. मंगळवारी पहाटे उपवनाकडून येऊरच्या पाड्यांकडे जाणाऱ्या चढावर जोराच्या फेऱ्या झाल्या, तर त्याच दिवशी संध्याकाळी जिम करावी. दोन्हींमध्ये किमान सहा तासांचे अंतर असावे. नोकरदाराला ते ऑफिसमुळे आपोआप मिळते. (लोकलमध्ये तासभर उभे राहणे हा ताकदीचा व्यायाम नाही, थकवा मात्र आहे, हे हिशेबात धरावे.) बुधवारी गप्पा मारता येतील इतक्या संथ गतीने पाच-सहा किलोमीटर धावावे. गुरुवारी सकाळी टेम्पो रन (थोड्या कष्टाच्या पण टिकवता येईल अशा वेगाने धावणे) आणि संध्याकाळी वजनाचा दुसरा, थोडा हलका दिवस ठेवावा. शुक्रवारी संपूर्ण विश्रांती, शनिवारी थोडेसे संथ धावणे, रविवारी लाँग रन आणि सोमवारी पुन्हा विश्रांती. संध्याकाळ मोकळी मिळतच नसेल, तर आधी धावावे, काही खावे आणि मग वजन उचलावे. उलट क्रम करू नये. विश्रांतीचा दिवस मोकळा दिसतो म्हणून त्यात ‘लेग डे’, म्हणजे पायांच्या व्यायामाचा दिवस, बसवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे.

धावपटूंना हलके वजन वीस-वीस वेळा उचलायला सांगण्याची पद्धत मला पटत नाही. दमसासाचे काम रस्ता करतोच. जिमने रस्ता देऊ शकत नाही ते द्यावे. पहिले पाच-सहा आठवडे हलक्या वजनावर दहा-बारा रेपमध्ये (आवर्तनांत) शरीराची योग्य ठेवण शिकून घ्यावी. त्यानंतर स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट (कमरेतून वाकून वजन मांड्यांलगत खाली नेऊन वर आणणे) आणि एका पायाने स्टेप-अप (उंच पायरीवर चढणे) यांचे चार ते सहा रेपचे तीन सेट करावेत आणि दोन सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटे थांबावे. आणखी दोन रेप नीट जमले असते असे वाटत असतानाच वजन खाली ठेवावे, म्हणजे दुसऱ्या दिवशीचे धावणे बिघडत नाही.

पोटरीकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. तिच्यात खोलवर असलेला सोलिअस हा स्नायू प्रत्येक पावलाला देहभाराच्या कित्येक पट भार पेलतो आणि गुडघा वाकवल्यावर त्याला अधिक काम मिळते. त्यासाठी जिमचीही गरज नाही. पाठीवरच्या सॅकमध्ये दहा किलो तांदळाची पिशवी ठेवावी आणि सोसायटीच्या जिन्यात कठडा धरून एका पायाचा चवडा पायरीच्या कडेवर टेकवावा. गुडघा किंचित वाकलेलाच ठेवून टाच तीन अंक मोजत पायरीखाली न्यावी, क्षणभर थांबावे आणि टाच पूर्ण वर उचलावी. प्रत्येक पायाने असे बारा वेळा, तीन सेट करावेत. वर जाताना गुडघा सरळ होऊ लागला, की सोलिअस दमला असे समजून थांबावे.

आहारात फार गुंतण्याचे कारण नाही, पण प्रथिने कमी पडू देऊ नयेत. देहभाराच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे दीड ग्रॅम हे प्रमाण धरल्यास साठ किलोच्या व्यक्तीला नव्वद ग्रॅम लागतात. एका अंड्यातून सहा ग्रॅमच मिळतात आणि वरणाच्या वाटीतूनही फारसे अधिक मिळत नाही, त्यामुळे दूध, पनीर, मटकी, चिकन किंवा मासे यांची भर जेवणात ठरवूनच घालावी लागते.

दसऱ्यानंतर लाँग रन पंचवीस किलोमीटरच्या पुढे जाऊ लागला, की वजनाचा एकच दिवस ठेवावा. सेट कमी करावेत, वजन कमी करू नये. ताकद टिकायला आठवड्यातून एकदा पुरते. नडगीच्या हाडावर एकाच बिंदूवर दाबून दुखत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. शर्यतीला दहा दिवस उरले की पायांचा शेवटचा जड व्यायाम करावा आणि त्यानंतर घोट्याच्या व कमरेच्या हलक्या हालचालींपलीकडे जाऊ नये. शर्यत झाल्यावर, जिना उतरताना कठडा धरावा लागेनासा झाला की पुन्हा बारबेलखाली जावे, तेही निम्म्या वजनाने.