पेपर तलावाच्या काठावरच बिघडतो: मायक्रोबियल इकॉलॉजीत नवे असाल तर या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात एका ज्युनिअर मुलीचा फोन आला, "ताई, सिक्वेन्सिंगचा डेटा आलाय, २४ सॅम्पल आहेत, आता यातून पेपर कसा काढायचा?" मी विचारलं प्रश्न काय होता गं, तर म्हणाली कंबर तलावातले जीवाणू बघायचे होते, म्हणजे डीएनए वाचून (यालाच सिक्वेन्सिंग म्हणतात) तिथं कोण राहतं ते. सोलापूरच्या उन्हात तलावाच्या काठानं फिरून, एवढ्या मेहनतीनं गोळा केलेलं काम, आणि दोन तास बोलूनसुद्धा आम्हाला त्यातून एकच धड प्रश्न निघाला, त्यालाही २४ पैकी १० सॅम्पलच उपयोगी पडले. खूप वाईट वाटलं. पेपर परत आल्यावर जे दुखतं ते बहुतेक वेळा सॅम्पलच्या पिशवीतच झालेलं असतं, नंतर कॉम्प्युटरपुढं कितीही रात्री काढल्या तरी निस्तरत नाही, म्हणून मायक्रोबियल इकॉलॉजीत, म्हणजे सूक्ष्मजीव आणि त्यांचा परिसर यांच्या अभ्यासात, नव्यानं येणाऱ्यांसाठी हे सगळं लिहून ठेवतेय.

डेटा आधी, प्रश्न नंतर

"अमुक तलावातले जीवाणू" हा प्रश्न नाही, तो विषय आहे. प्रश्न असा असतो: उन्हाळ्यात पाणी आटून जो गाळ उघडा पडतो, त्यात हवा शिरल्यावर मिथेन तयार करणारे आर्किया (जीवाणूंसारखेच पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) पाण्याखालच्या गाळापेक्षा कमी होतात का? असा प्रश्न वहीत लिहिला की कुठं, कधी, किती खोल आणि किती सॅम्पल घ्यायचे हे आपोआप ठरतं, मिथेन मोजायचा की नाही तेही ठरतं. आणि उत्तर "नाही" आलं तरी पेपर होतो, कारण विचारलेलं काहीतरी असतं.

एका शेतातल्या पाच पिशव्या म्हणजे पाच शेतं नव्हेत

ही चूक माझी स्वतःची आहे. ज्वारीच्या एका रानातून पाच पिशव्या माती, शेजारच्या डाळिंबाच्या एका बागेतून पाच, आणि मी बिनधास्त लिहिलं की पिकामुळं मातीतले जीवाणू बदलतात. रिव्ह्यूअरनं एका ओळीत परत पाठवलं: तुमच्याकडं ज्वारीचं एकच शेत आहे आणि डाळिंबाचं एकच, फरक पिकाचा की त्या दोन जमिनींचा हे कसं सांगणार? तो बरोबर होता. पर्यावरण-अभ्यासक हर्लबर्ट यांनी १९८४ मध्येच याला स्युडोरेप्लिकेशन (एकाच जागेचे नमुने वेगवेगळ्या जागा म्हणून मोजणं) हे नाव देऊन नीट मांडून ठेवलंय, तरी आपण दरवर्षी नव्यानं करतो, कारण एका ओळखीच्या काकांच्या रानात जाणं सोपं असतं आणि मंगळवेढ्यापासून मोहोळपर्यंत पाच-पाच शेतं फिरायला पेट्रोल लागतं. पण पैसे कमी असतील तर एका शेतातल्या पाच पिशव्या एकत्र कालवून एकच सॅम्पल करा आणि वाचलेल्या पैशात शेतं वाढवा. खर्च तेवढाच, पुरावा कितीतरी पक्का.

आपली काळी माती

पुस्तकातले प्रोटोकॉल बहुतेक वेळा वेगळ्या मातीवर बसवलेले असतात, आपल्या काळ्या जमिनीत ते जसेच्या तसे चालतील हे धरून चालू नका. या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती भरपूर, ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. त्याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे उन्हाळ्यात वरची माती भेगांतून खाली पडते, म्हणजे तुम्ही "३० सेंटिमीटर खोलीची" म्हणून घेतलेल्या मातीत वरचीही मिसळलेली असते. भेग टाळून खड्डा घ्या, खड्ड्याची भिंत खरवडून मग बाजूनं माती काढा, आणि भेगा होत्या का ते वहीत लिहा.

दुसरं म्हणजे चिकणमातीचे कण डीएनए धरून ठेवतात, त्यामुळं उतारा कमी पडतो. वर ह्यूमिक आम्लं (मातीतल्या कुजलेल्या पदार्थांतून आलेली) डीएनएबरोबर निघून येतात आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायची क्रिया, अडवतात. लक्षण ठरलेलं: नॅनोड्रॉपवर (प्रकाश शोषण्यावरून डीएनए मोजणारं यंत्र) आकडा झकास, पण पीसीआरनंतर जेलवर डीएनएचा पट्टा, म्हणजे बँडच नाही. इथं पोरं घाबरून डीएनए आणखी जास्त घालतात, म्हणजे अडथळाही जास्त घालतात. उलट करा, डीएनए १० पट पातळ करून बघा, पीसीआरमध्ये बीएसए (अडथळा करणारे पदार्थ धरून ठेवणारं प्रथिन) घाला, नॅनोड्रॉपवरचं २६०/२३० चं गुणोत्तर खाली आहे का बघा (खाली म्हणजे अशुद्धी), आणि मोजायला शक्यतो क्युबिट (फक्त डीएनएला चिकटणाऱ्या रंगानं मोजणारं यंत्र) वापरा कारण नॅनोड्रॉप ह्यूमिक आणि आरएनएसुद्धा डीएनएच्या हिशोबात धरतो. निम्म्या वेळा नुसतं पातळ करूनच माझं काम झालंय.

आणि उन्हाचं विसरू नका. पारा ४० च्या वर असताना पिशवी एसटीच्या रॅकवर ठेवून आणली तर रस्त्यातच जीवाणूंची वस्ती बदलायला लागते. थर्माकोलचा डबा, भरपूर बर्फ, आणि सगळ्या सॅम्पलना सारखीच वागणूक, हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. निम्मे सॅम्पल त्याच दिवशी फ्रीझरला गेले आणि निम्मे दुसऱ्या दिवशी, तर पुढं जो फरक दिसेल तो कशाचा हे कुणालाच सांगता येणार नाही. लाईट जाते म्हणून प्रत्येक सॅम्पल दोन-तीन ट्यूबमध्ये वाटून ठेवा, एकाच ट्यूबला सारखं वितळवणं-गोठवणं नको.

कोरी ट्यूब सिक्वेन्स न करणं

डीएनए काढायच्या किटमध्ये, पाण्यात, हातमोज्यांवर सगळीकडं जीवाणूंचा डीएनए असतो. २०१४ मध्ये सॉल्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सॅम्पलमध्ये जीवाणू जितके कमी तितकं किटमधलंच जास्त दिसतं. शेतमातीत हा त्रास कमी, पण हवा, गाळलेलं पाणी, दगडाचा पृष्ठभाग यावर काम करत असाल तर फार. रॅल्स्टोनियासारखं (किटमधून नेहमी येणारा जीवाणू) नाव यादीत वर दिसलं की आनंद होण्याआधी शंका यायला पाहिजे. प्रत्येक बॅचबरोबर माती न घालता एक ट्यूब चालवा आणि तीसुद्धा सिक्वेन्सिंगला पाठवा. एका ट्यूबचे पैसे वाचवून अख्खा पेपर गेलेला मी पाहिलाय.

टक्केवारी वाचण्यातली गडबड

ताटात तीन कडक भाकऱ्या आणि एक वाटी शेंगाचटणी आहे. दोन भाकऱ्या उचलल्या, तर ताटातला चटणीचा वाटा वाढला, पण चटणी तेवढीच आहे. सिक्वेन्सिंगचा डेटा अगदी असाच, फक्त वाटे सांगतो. "खतानंतर अमुक जीवाणू वाढले" असं लिहायचं असेल तर क्यूपीसीआर (प्रती मोजणारा पीसीआर) किंवा दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं एकूण किती होते ते मोजा, नाहीतर "वाटा वाढला" एवढंच लिहा.

त्यात ज्यावरून आपण जीवाणू ओळखतो त्या १६एस जीनची कुठल्या जीवाणूत एकच प्रत असते तर कुठल्यात १५ किंवा त्याहूनही जास्त, आणि मातीतला बराच डीएनए मेलेल्या पेशींचा असतो. २०१६ च्या एका अभ्यासात मातीत सरासरी ४० टक्के डीएनए असा उरलेला निघाला होता. १६एस वरून कोण आहे याचा अंदाज येतो, काय करतंय ते नाही. पिक्रस्टसारख्या (१६एस वरून जीवाणूंचं काम ओळखू पाहणाऱ्या) प्रोग्रॅमनं आलेलं कार्य हा अंदाज आहे, "नायट्रोजन स्थिर करतात" असं छातीठोक लिहू नका. आणि नावं तपासा, २०२१ पासून प्रोटीओबॅक्टेरियाचं अधिकृत नाव स्युडोमोनाडोटा आहे, फर्मिक्यूट्सचं बॅसिलोटा.

मेटाडेटा नंतर भरू

मेटाडेटा म्हणजे सॅम्पलबद्दलची माहिती, आणि ती नंतर भरत नाही कुणी. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, तारीख, खोली, पीएच, ओलावा, पीक, शेवटचं पाणी कधी दिलं, हे जागेवरच, पेन्सिलीनं, कारण ओल्या हातानं पेनची शाई पसरते. कुठली माहिती नोंदवायची याची जीनोमिक स्टँडर्ड्स कन्सोर्टियमची मिक्स (MIxS) नावाची यादी आहे, सॅम्पलिंगला जायच्या आधी तिच्यावरून तक्ता छापून घ्या. डेटा एनसीबीआयला (अमेरिकेतलं सार्वजनिक डेटा भांडार) द्या किंवा फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरला, हीच माहिती मागतात.

सोबत काम करताना

स्टॅटिस्टिक्सवाल्याला डेटा आल्यावर गाठू नका, सॅम्पलिंगच्या आधी चहाला बोलवा. आपल्याकडं त्यांना शेवटी "जरा पी व्हॅल्यू काढून द्या" म्हणून फोन जातो, आणि तोवर त्यांच्या हातात करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

लेखकांची नावं आणि क्रम पहिल्या महिन्यातच बोला आणि ईमेलवर लिहून ठेवा. संकोच वाटतो, सर काय म्हणतील असं होतं, मलाही व्हायचं. "सर, कुणी काय करायचं ते लिहून ठेवते, म्हणजे माझा गोंधळ नको व्हायला," एवढं म्हटलं तरी भागतं. ज्या मुलानं सहा महिने डीएनए काढला त्याचं नाव आभारात ढकललेलं बघितलंय मी, त्याचं आणि ज्यानं ते ढकललं त्याचं बोलणं आजही नाही.

परदेशातल्या लॅबबरोबर काम असेल तर माती किंवा कल्चर (लॅबमध्ये वाढवलेले जीवाणू) कुरियर करण्याआधी जैवविविधता कायदा २००२ बघा, चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते का ते गाईडबरोबर बसून तपासा, वेळ लागतो त्याला. नवी प्रजाती सापडली तर कल्चर दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावं लागतं, पुण्यात एनसीएमआर हा सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथं लवकर बोला.

आणि ज्यांच्या रानातून माती आणली त्यांना काहीतरी परत द्या. पीएच, क्षार, सेंद्रिय कर्ब यांचं एक पान मराठीत लिहून नेलं तर पुढच्या वर्षी अण्णा स्वतः फावडं घेऊन उभे राहतात.

छापताना

पाच दिवसांत स्वीकारतो आणि पैसे मागतो असा ईमेल आला की डिलीट करा. यूजीसीनं २०२५ मध्ये केअर यादी (मान्य जर्नलांची यादी) बंद केली, त्यामुळं आता जर्नल पारखायचं काम आपल्यावरच आलंय: त्यातले पाच पेपर वाचा, संपादक खरंच या विषयातले आहेत का बघा, तुम्ही ज्यांचं काम वाचता ते लोक तिथं छापतात का बघा. फी परवडत नसेल तर माफीसाठी पाठवतानाच लिहा, पेपर स्वीकारल्यावर विचारलं तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. पेपर बायोआर्काइव्हवर (रिव्ह्यूच्या आधीच पेपर सगळ्यांना वाचायला ठेवायची वेबसाइट) टाकायचा असेल तर सगळ्या लेखकांना विचारून टाका.

रिव्ह्यू आला की त्याच दिवशी उत्तर लिहू नका. दोन दिवसांनी प्रत्येक मुद्दा कॉपी करून त्याखाली काय बदललं, कुठल्या ओळीत बदललं ते लिहा. जे सॅम्पल आता मिळूच शकत नाहीत, कारण तो उन्हाळा गेला, ते मिळू शकत नाहीत असं सरळ सांगा, आणि निष्कर्षातलं वाक्य तेवढंच लहान करा जेवढं हातातल्या १० सॅम्पलना पेलेल. त्या मुलीचा पेपर असाच, लहान होऊन, सध्या दुसऱ्या रिव्ह्यूला गेलाय.